रस्ता आगरकरांचा, संस्था आघारकरांची : झाड नेमकं कुठलं, हे विचारणाऱ्या मालवणच्या माणसाची गोष्ट

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आत्याने मला व्हॉट्सॲपवर एक रील पाठवली. त्यातली बाई सांगत होती, बागेत यारो लावा. नेटिव्ह आहे, म्हणजे इथलंच आहे. बहुवर्षायू आहे, म्हणजे एकदा लावलं की दरवर्षी आपोआप वर येतं. पाणी कमी लागतं, फुलपाखरं येतात आणि वर औषधी पण आहे.

आत्या राहते नसरापूरला. पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघालं की साधारण ३५ किलोमीटरवर चेलाडी फाटा येतो. तिथून आत वळलं की भोर तालुक्यातलं हे गाव. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेलं बनेश्वराचं देऊळ, त्याच्या भोवतीचं बन आणि शिवगंगेचा धबधबा यामुळे अनेकांना ते माहीत असतं. बाकीचे राजगडाला जाताना इथे चहाला थांबलेले असतात.

तर आत्याने बी मागवलं, थंडीत पेरलं. जानेवारीत छान नाजूक, पिसासारखी पानं आली. एप्रिलमध्ये ती कडेने करपली. आत्याने सावली केली, रोज पाणी घातलं, कसंबसं रोप तगवलं. मग जून आला, पाऊस लागला तो लागलाच, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळी रोपं मुळापासून कुजून गेली.

आत्याचा माझ्यावरच राग. मी मास कॉमवाली, मोबाईलमधल्या सगळ्या खोटेपणाला तिच्या लेखी मी जबाबदार.

पण गंमत अशी की रीलमधली बाई खोटं बोलत नव्हती. ती अमेरिकेतल्या अंगणाबद्दल बोलत होती. नेटिव्ह हा शब्द तिने बरोबर वापरला होता. फक्त तो नसरापूरला लागू पडत नव्हता.

यारो नेमकं आहे कुठलं?

यारोचं शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम. ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक योद्धा अकिलीस आपल्या सैनिकांच्या जखमांवर ही वनस्पती लावायचा अशी दंतकथा आहे, त्यावरून अकिलिया. पानं इतकी बारीक चिरलेली की एका पानाची हजार पानं वाटावीत, म्हणून मिलेफोलियम. युरोप, आशियाचा थंड पट्टा आणि उत्तर अमेरिका हे तिचं घर. भारतातही ती आहे, पण काश्मीर, हिमाचलसारख्या हिमालयाच्या भागात. युनानी औषधांत तिला बिरंजासिफ म्हणतात.

म्हणजे यारो भारतातली आहे का? हो. नसरापूरची आहे का? नाही. देश एकच असला तरी झाडाला देशाची सीमा कळत नाही. त्याला थंडी कळते, पाऊस कळतो, माती कळते.

मग नसरापूरचं काय? कुठलं झाड इथलं आणि कुठलं बाहेरून आलेलं, हे ठरवतं कोण आणि कशावरून? हे शोधता शोधता मी एका माणसापाशी पोहोचले. त्यांचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. बहुतेक चुकीचं ऐकलेलं आहे.

घ चा गोंधळ

पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या परिसरात एक मोठी विज्ञान संस्था आहे, आघारकर संशोधन संस्था. तिचा अधिकृत पत्ता आहे गोपाळ गणेश आगरकर रस्ता.

इथेच सगळ्यांची गल्लत होते. आगरकर रस्त्यावर आहे म्हणजे आगरकरांचीच संस्था असणार, असं पुण्यात जन्म काढलेली माणसंही समजतात. पण सुधारककार गोपाळ गणेश आगरकर वेगळे. ते १८९५ साली गेले. तेव्हा आपले आघारकर जेमतेम १० वर्षांचे होते.

ही संस्था आहे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची. जन्म १८ नोव्हेंबर १८८४, मालवण. पेशाने वनस्पतीशास्त्रज्ञ.

मालवण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? काजू. आणि काजू कुठला? ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला. आज काजूशिवाय कोकणाची कल्पनाच करता येत नाही. आघारकरांचा जन्म अशा गावात झाला जिथल्या सगळ्यात ओळखीच्या झाडालाही कुठून आलास, असं विचारलं तर उत्तर समुद्रापलीकडचं निघतं. आणि पुढे त्यांच्या संशोधनात हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहिला.

नदीतला जेलीफिश

आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. नोकरी मुंबईत, पण मन सह्याद्रीत. सुट्ट्या मिळाल्या की ते पश्चिम घाटात वनस्पती आणि प्राणी गोळा करत फिरायचे. तेव्हा ना ट्रेकिंगचे ग्रुप होते, ना घाटमाथ्यावर रिसॉर्ट. बैलगाडी आणि पाय, एवढीच साधनं.

या भटकंतीत त्यांना एक अजब गोष्ट सापडली. सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांच्या गोड्या पाण्यात जेलीफिश.

जेलीफिश म्हणजे समुद्रातला जीव, मालवणच्या मुलाला तो नवा नव्हता. पण घाटावरच्या नदीत, समुद्रापासून इतक्या उंचीवर? गोड्या पाण्यातल्या या वंशाचे जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होते. टांगानिका हे आफ्रिकेतलं प्रचंड सरोवर त्यासाठी प्रसिद्ध होतं. भारतातही ते आहेत, हे जगाला कळलं ते सह्याद्रीतल्या या शोधामुळे.

कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले प्राणीशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी या जिवाचं नाव ठेवलं लिम्नोक्निडा इंडिका. ही गोष्ट १९११ च्या सुमाराची. आघारकर तेव्हा २७ वर्षांचेही नव्हते.

आता या शोधातला खरा प्रश्न बघा. एक जीव आफ्रिकेच्या तळ्यात आहे आणि तसाच एक आपल्या घाटातल्या नदीत आहे. मधे आख्खा हिंदी महासागर. मग हा आला कसा? की तो आधीपासून इथेच होता?

नसरापूरच्या पुढे महामार्गाने नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो. म्हणजे आत्याच्या अंगणातल्या यारोबद्दल जो प्रश्न मला पडला, तो प्रश्न शेजारच्याच जिल्ह्यातल्या नदीकाठी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आघारकरांसमोर उभा होता.

कलकत्त्याचं बोलावणं

त्या काळात भारतीय माणसाने विज्ञानात मोठं पद मिळवणं सोपं नव्हतं. वरच्या जागा इंग्रजांच्या, भारतीयांनी हाताखाली काम करायचं, असा शिरस्ता. कलकत्त्यात मात्र वेगळं काहीतरी घडत होतं.

कुलगुरू आशुतोष मुखर्जी तिथे नवीन विज्ञान महाविद्यालय उभं करत होते. रासबिहारी घोष या नामांकित वकिलांनी १९१३ साली त्यासाठी १० लाख रुपयांची देणगी दिली. आज ऐकायला लहान वाटते, पण ती १९१३ ची रक्कम आहे. त्या पैशातून प्राध्यापकांच्या जागा तयार झाल्या आणि त्या भारतीयांसाठी होत्या. त्यातली एक जागा वनस्पतीशास्त्राची होती, शेतीकडे विशेष लक्ष देऊन शिकवायच्या वनस्पतीशास्त्राची.

या जागेवर निवड झाली मालवणच्या आघारकरांची.

याच महाविद्यालयात प्रफुल्लचंद्र रे रसायनशास्त्र शिकवणार होते, आणि पुढे सी. व्ही. रामन भौतिकशास्त्र. म्हणजे आघारकरांचे सहकारी कोण होते याचा अंदाज येईल.

नव्या प्राध्यापकांना परदेशी प्रशिक्षणासाठी पाठवलं जाई. आघारकर निघाले जर्मनीला. वनस्पतींच्या भूगोलात, म्हणजे कुठली वनस्पती कुठे आणि का उगवते या अभ्यासात, जर्मनी तेव्हा आघाडीवर होती. साल होतं १९१४.

चुकीच्या वर्षी, चुकीच्या देशात

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं.

आघारकर तेव्हा जर्मनीत होते. कागदोपत्री ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, म्हणजे जर्मनीच्या लेखी शत्रू. ज्या साम्राज्याने त्यांच्या देशावर राज्य केलं, त्याच साम्राज्याचे म्हणून त्यांना जर्मनांनी अटकेत टाकलं. घोष यांच्याच देणगीतून नेमलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक देबेंद्रमोहन बोसही बर्लिनला गेले होते. त्यांना १९१९ पर्यंत मायदेशी परतता आलं नाही.

विचार करा. तिशीही न गाठलेला माणूस. मायदेशी सन्मानाची जागा वाट बघतेय. आणि तो परक्या मुलखात कैदी, कारण त्याच्या कागदावर कुणीतरी दुसऱ्याच देशाचं नाव लिहिलंय. तो नेमका कुठला, हे त्याच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलं होतं.

आघारकरांची सुटका झाली १९१७ मध्ये. आयुष्यातली उमेदीची वर्षं अशी गेली. एखादा दुसरा असता तर कडवट झाला असता, किंवा पहिली बोट पकडून घरी परतला असता. पण युद्ध अजून चालूच होतं, बोट नव्हतीच. आघारकरांनी अभ्यास पुढे चालू ठेवला आणि बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

बर्लिनमध्ये तेव्हा वनस्पतीशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव होतं आडॉल्फ एंग्लर. डालेम इथल्या वनस्पती उद्यानाचे ते संचालक. या उद्यानाची एक खासियत आजही सांगितली जाते. त्याच्या मोठ्या भागात झाडं रंगाप्रमाणे किंवा उंचीप्रमाणे लावलेली नाहीत. ती कुठून आली त्याप्रमाणे लावली आहेत. इथे आल्प्स, तिथे हिमालय, पलीकडे उत्तर अमेरिका. चालत चालत तुम्ही जगाचा नकाशा ओलांडता.

बाग म्हणजे नुसती सजावट नसते. नीट लावली तर ती भूगोलाचं पुस्तक असते.

बी प्रवास कसं करतं?

आघारकरांचा प्रबंध १९२० साली एंग्लर यांच्याच नियतकालिकात जर्मन भाषेत छापून आला. विषय होता वायव्य भारतातल्या रखरखीत आणि खारट जमिनीतल्या वनस्पती, त्यांची पसरण्याची साधनं आणि त्यांचं मूळ.

सोप्या भाषेत सांगायचं तर प्रश्न दोन होते. वाळवंटी प्रदेशात ज्या वनस्पती दिसतात त्या मूळच्या कुठल्या? आणि त्या तिथवर पोहोचल्या कशा?

झाड चालत नाही. पण त्याचं बी चालतं, उडतं, तरंगतं, चिकटतं. हे समजायला आपल्याला वाळवंटात जायची गरज नाही, नसरापूरच्या रानात एक चक्कर पुरे.

रुईचं फळ फुटलं की पांढऱ्या रेशमाला लटकलेलं बी वाऱ्यावर निघतं. लहानपणी आपण त्याच्या मागे म्हातारी म्हातारी करत पळालेलो असतो. पावसाळ्यानंतर गवतातून चाललं की पायजम्याला कुसळं चिकटतात. आपण वैतागून ती पुढच्या बांधावर काढून टाकतो आणि गवताचं काम होतं. गोखरूचा काटा चपलेत घुसतो आणि दुसऱ्या गावी उतरतो. करवंद खाणारे पक्षी बिया लांबवर टाकतात.

म्हणजे बीच्या आकारावरून त्याच्या प्रवासाचा अंदाज बांधता येतो. पंख असतील तर वारा, काटे असतील तर जनावर, गर असेल तर पक्षी. आणि प्रवासाचा अंदाज आला की ती वनस्पती कुठून आली असेल, याचाही माग काढता येतो.

आघारकरांच्या या कामामुळे कुठलं झाड इथलं, हा प्रश्न नुसता भावनेचा राहत नाही. तो पुराव्याचा होतो. आपल्या आजीच्या अंगणात होतं म्हणून ते इथलं, असं म्हणून चालत नाही. दसऱ्याला दाराला लागणारा झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंध मेक्सिकोचा. शेवंती चीनकडची. सदाफुली मादागास्करची आणि एप्रिलमध्ये पेटणारा गुलमोहरही तिथलाच. अंगणातली तुळस आणि प्राजक्त मात्र आपल्या उपखंडातले.

धक्का बसला ना? मलाही बसला. आत्याला तर झेंडूचं अजून पटलेलं नाही.

६१ व्या वर्षी नवीन सुरुवात

युद्ध संपल्यावर आघारकर कलकत्त्याला परतले आणि अखेर आपल्या जागेवर बसले. ज्या जागेसाठी ते १९१४ साली निघाले होते, तिथे प्रत्यक्ष काम सुरू करायला मधे इतकी वर्षं गेली. मग मात्र ते १९४६ पर्यंत तिथेच होते. वनस्पतीशास्त्र विभाग त्यांनी उभा केला, विद्यार्थी घडवले.

निवृत्त झाल्यावर माणूस काय करतो? घर बांधतो, बाग करतो, नातवंडं खेळवतो. आघारकर निवृत्त झाले आणि पुण्यात आले. त्याच वर्षी, १९४६ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने पुण्यात एक संस्था सुरू झाली. नाव महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स.

हे नाव कलकत्त्याचं आहे. तिथे महेंद्रलाल सरकार या डॉक्टरांनी १८७६ साली लोकांच्या देणग्यांवर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स उभी केली होती. रामन यांनी रामन परिणामाचा शोध लावला तो याच संस्थेत. सरकारी मेहेरबानीची वाट न बघता समाजाने विज्ञानाची संस्था चालवायची, हे आघारकरांनी तिथे जवळून बघितलं होतं. ती कल्पना त्यांनी कलकत्त्यातून आणून पुण्याच्या मातीत लावली.

त्यांच्याच प्रश्नाच्या भाषेत सांगायचं तर ही कल्पना बाहेरून आलेली होती. पण ती इथे रुजली, आणि इथलं काही न मारता रुजली.

कल्टिव्हेशन म्हणजे मशागत. त्यांनी संस्थेच्या नावात हा शब्द ठेवला आणि शेतीचं संशोधनही तिथे वाढलं. आज महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना एमएसीएस ही अक्षरं माहीत असतात ती सोयाबीन आणि गव्हाच्या वाणांमुळे. ती अक्षरं म्हणजे याच संस्थेच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरं. आणि सोयाबीन कुठलं? पूर्व आशियातलं. म्हणजे परदेशी ते वाईट, असा या माणसाच्या वारशाचा अर्थ नाही.

वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने जपून ठेवायच्या जागेला हर्बेरियम म्हणतात. संस्थेच्या हर्बेरियमलाही आघारकरांचंच नाव आहे. पश्चिम घाटात कुठे काय उगवतं, याचा पुरावा अशा हर्बेरियममध्ये नाव, गाव, तारीख लिहून ठेवलेला असतो. उद्या कुणी विचारलं की हे फूल भोरच्या डोंगरात आधीपासून होतं का, तर उत्तर अशा कागदांत सापडतं.

पुण्यात आलेला एक पाहुणा

आघारकर पुण्यात असतानाच पुण्यात एक नवीन वनस्पती दिसू लागली. पांढरी छोटी फुलं, गाजरासारखी चिरलेली पानं. वनस्पतीशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी ती १९५५ साली पुण्यात पाहिली आणि १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध केली.

ओळखलंत? गाजरगवत. काँग्रेस गवत.

सगळ्यांनी ऐकलेली कथा अशी की हे गवत अमेरिकेच्या पीएल-४८० करारातल्या गव्हासोबत आलं. पण तारखा बघा. भारताचा तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि पुण्यातली नोंद १९५५ ची. अमेरिकेचा गहू भारतात त्याच्या आधीही आला होता, त्यामुळे गव्हातून येणं अशक्य नाही. पण त्या करारावर सगळं खापर फोडताना कॅलेंडर आडवं येतं.

आता एक गोष्ट सांगते, जी कळल्यावर मी आत्याला लगेच फोन केला. गाजरगवत आणि यारो एकाच कुळातले. सूर्यफुलाच्या कुळातले. दोघांची पानं चिरलेली, दोघांची फुलं पांढरी आणि झुबक्यात येणारी. पण एक नसरापूरला लाड करूनही जगलं नाही आणि दुसरं कुणी न लावता रस्त्याच्या कडेने, बांधावर, शाळेच्या मैदानावर पसरलं. एक रोप हजारोंनी बी टाकतं. गुरं तोंड लावत नाहीत, माणसांना खाज आणि श्वासाचा त्रास होतो.

म्हणजे बाहेरचं झाड आणलं की तीन गोष्टी होऊ शकतात. ते मरतं, यारोसारखं. ते मुकाट्याने नांदतं, झेंडूसारखं. किंवा ते सगळं व्यापून टाकतं, गाजरगवतासारखं. टणटणी, म्हणजे आपली घाणेरी, बागेची शोभा म्हणून आणली होती. आज ती सह्याद्रीच्या उतारांवर झुडपांच्या भिंती करून बसली आहे. आणि लावताना तुम्हाला माहीत नसतं की यातलं काय होणार.

शंकर पुरुषोत्तम आघारकर २ सप्टेंबर १९६० रोजी पुण्यात गेले. त्यांनी सुरू केलेल्या संस्थेला १९९२ साली त्यांचं नाव देण्यात आलं.

मग नसरापूरच्या अंगणात काय लावायचं?

यारोची जाहिरात ज्या गुणांसाठी होते ते सगळे गुण असलेल्या वनस्पती सह्याद्रीत आहेत. एकदा लावायची, दरवर्षी येते, फार लाड लागत नाहीत. फक्त त्यांचं झोपायचं वेळापत्रक वेगळं आहे.

बहुवर्षायू वनस्पती वर्षातला वाईट काळ झोपून काढते. यारोच्या देशात वाईट काळ म्हणजे बर्फ. ती थंडीत झोपते आणि उन्हाळ्यात फुलते. आपल्याकडे वाईट काळ म्हणजे पावसानंतरचे कोरडे महिने. म्हणून इथल्या कितीतरी वनस्पती जूनला उठतात, श्रावण-भाद्रपदात फुलतात आणि दिवाळीनंतर जमिनीखाली कंदात गुडूप होतात. यारोला आपण नेमकं तिच्या झोपेचं आणि जागेपणाचं गणित मोडून वाढवत होतो.

इथेच घरोघरी चूक होते. डिसेंबरमध्ये कुंडीतलं झाड वाळलं की आपण ते मेलं समजून माती उकिरड्यावर टाकतो. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं.

अशी काही नावं सांगते.

रानहळद. कंदातून येते, पावसाच्या सुरुवातीलाच फुलोरा, रुंद हिरवी पानं. पावसाळ्यानंतर पानं वाळतात. पाणी बंद करा आणि कंद तसाच राहू द्या.

शतावरी. सुईसारखी नाजूक पानं, पांढऱ्या सुवासिक फुलांचे तुरे, जमिनीखाली मुळांचा झुबका. कुंपणाला चढवता येते. यारोच्या पिसासारख्या पानांची हौस हिच्यावर भागते.

कळलावी. ज्वाळेसारखं लाल-पिवळं फूल, वेल दरवर्षी कंदातून येतो. पण हिचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद तर जास्तच. लहान मुलं किंवा गुरं असतील त्या अंगणात नको. घरगुती औषध म्हणून तर अजिबात नको.

शिंदळ माकडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. हिचा खरा मान. जगात फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी आणि पुरंदरजवळच्या वज्रगडासारख्या ठिकाणी कड्याकपारीत उगवणारी, मांसल खोडाची वनस्पती. तपकिरी-लाल चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळी नक्षी. डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८६५ साली तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं. ती अतिशय दुर्मीळ आहे, पण फांदी खोचली की कुंडीत सहज जगते. रोपवाटिकेत वाढवलेलं रोपच घ्या. कड्यावरून उपटून आणलं तर आपण तिला वाचवत नाही, संपवतो.

जागा जास्त असेल तर धायटी, निर्गुडी आणि करवंद यांची जाळी करा. फुलपाखरं आणि पक्षी दोन्ही येतील.

आणि कुठलंही रोप घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. हे मूळचं कुठलं? याचं बी पसरतं कसं? हे वर्षातलं झोपतं कधी? पहिल्या दोन प्रश्नांवर आघारकरांनी डॉक्टरेट केली. तिसरा आत्याच्या कुजलेल्या यारोने शिकवला.

महामार्ग रुंद झाल्यापासून नसरापूरच्या भोवती प्लॉट पडत आहेत, फार्महाऊस होत आहेत. प्रत्येक गेटमागे तेच विदेशी पाम आणि तीच हिरवी लॉन दिसते. बनेश्वराचं बन टिकलं ते देवाच्या नावाने. बाकीच्या जमिनीला देव नाही, तिथे काय टिकणार हे आपण नर्सरीत काय उचलतो त्यावर ठरतं.

या जूनमध्ये आत्याच्या अंगणात यारोच्या जागी रानहळदीचे कंद लागले. ऑगस्टमध्ये पानं कमरेइतकी झाली. दिवाळीनंतर ती वाळायला लागली तसा तिचा काळजीचा फोन आला. मी तिला सांगितलं, काही करू नकोस, झोपलीय ती. जूनला उठेल.